आधी गाडीचं बघा, मग गॅलरीचं

मे-जून आला की या सदराच्या टपालात एकच विषय. बदली झालीय, नोकरी लागलीय, ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत घर बघतोय, कुठे बघू? या वेळी इतकी पत्रं आलीत की सासू-सुना आणि पीएफ दोन्ही पुढच्या अंकात ढकललेत. काही पत्रं लांबलचक होती ती छाटलीत, नावं नेहमीसारखी काढून टाकलीत.

कोल्हापूरहून एक वाचक: ताई, मिसेसना ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये जॉब लागलाय आणि माझी बँकेतली बदली फोर्टला झालीय. मुलगी चार वर्षांची. मित्र म्हणतो घोडबंदर रोडला घे, त्याच भाड्यात मोठा फ्लॅट, स्विमिंग पूल, क्लबहाउस सगळं मिळतं. मेहुणा म्हणतो नवी मुंबईच बरी, रस्ते रुंद, हवा मोकळी. दोघं आपापल्या एरियाची जाहिरात करतायत. ऐकायचं कुणाचं?

कुणाचंच नका ऐकू हो. दोघांनीही तिथं कर्ज काढून घर घेतलेलं असणार आणि आपला निर्णय बरोबर होता हे त्यांना तुमच्या तोंडून वदवून घ्यायचंय.

तुम्ही आधी रेल्वेचा नकाशा उघडा, घराचे फोटो नंतर बघा. फोर्ट म्हणजे सीएसएमटी, ती मेन लाइन, ठाण्याहून फास्ट लोकल मिळते. ऐरोली ट्रान्स-हार्बरवर, ही लाइन २००४ साली सुरू झाली, ठाण्याहून निघते आणि तुर्भ्याच्या पुढे तिला दोन फाटे फुटतात, एक सानपाडा-वाशीकडे आणि दुसरा जुईनगर-नेरुळवरून पनवेलकडे. म्हणजे तुमच्या दोघांच्या वाटा मिळतात त्या ठाणे स्टेशनात. ही एक गोष्ट धरून बसलात की निम्मे ब्रोकर आपोआप गळतात.

आता घोडबंदर. पहिलं म्हणजे घोडबंदर रोड म्हणजे नक्की कुठे ते विचारा, कारण कापूरबावडीही घोडबंदर आणि ओवळाही घोडबंदर, मधे मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असं करत करत स्टेशन लांब लांब जातं आणि भाडं त्याच हिशोबाने खाली येतं. ब्रोकर सांगतो 'स्टेशन वीस मिनिटं'. ते रविवारी सकाळी सात वाजताचे वीस मिनिटं. बाकीच्या दिवशी जेएनपीटी बंदराकडून गुजरातला जाणारे कंटेनर त्याच रस्त्याने, गायमुखचा घाट त्याच रस्त्यावर, मेट्रोचे खांब त्याच रस्त्यात, आणि संध्याकाळी फोर्टहून उभं राहून आलेले तुम्ही स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या लाइनीत, वरून पाऊस. स्विमिंग पूल तुम्ही बघाल तो गॅलरीतूनच. मेट्रो-४ वडाळ्यापर्यंत पूर्ण धावायला लागली की मी हे सगळं बदलून लिहीन, आज नाही. आणि हेही सांगते, ज्यांचं ऑफिस हिरानंदानी इस्टेटला नाहीतर वागळे इस्टेटला आहे किंवा जे घरूनच काम करतात त्यांच्यासाठी तो भाग झकास आहे, मागे येऊरचा डोंगर, घाणेकर नाट्यगृह हाकेच्या अंतरावर, मुलांना खेळायला जागा. पण तुमचं तसं नाही.

मग राहिले दोन पर्याय. स्टेशनपासून चालत जाता येईल असं ठाणे, म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी नाहीतर पूर्वेला कोपरी. घर लहान मिळेल, बिल्डिंग जुनी, लिफ्ट असली तर नशीब, पार्किंगचं नाव काढायचं नाही. पण गोखले रोड, राममारुती रोड, तलावपाळी, गडकरी रंगायतन सगळं पायाखाली, आणि कोल्हापूरच्या माणसाला गावात राहिल्यासारखं वाटेल ते इथेच. (मामलेदारची मिसळ खाऊन कोल्हापूरशी तुलना करू नका, दोन्हीकडचे लोक मारतील.) दुसरा पर्याय ऐरोली. मिसेसचं ऑफिस तिथेच, तुम्ही ऐरोलीहून ठाण्याला यायचं, मधे फक्त दिघा गाव स्टेशन, ते २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, आणि ठाण्याला उतरून फास्ट पकडायची.

माझं मत ऐरोली. कारण मुलगी चार वर्षांची आहे. पाळणाघरातून दुपारी फोन येतो, ताप आलाय, घेऊन जा. तेव्हा कुणीतरी पंधरा मिनिटांत पोचायला हवं आणि फोर्टवरून पंधरा मिनिटांत कुणी कुठेच पोचत नाही. मुलगी पाचवी-सहावीत गेली की ठाण्यात राहायला या, क्लास, नाटकं, बॅडमिंटन सगळं एकटी चालत जाईल.

फक्त एक करा. डिपॉझिट देण्याआधी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला ऐरोलीहून ठाण्याला या. नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर ट्रान्स-हार्बरची गाडी रिकामी होते तेव्हा सगळा लोंढा एकदम पुलाच्या जिन्याकडे वळतो, समोरून तेवढेच लोक तीच गाडी पकडायला उतरत असतात, आणि जिन्यावर डावी-उजवी असं काही नसतं, पुढच्याच्या सॅकवर नजर ठेवून सरकायचं. ते करून फास्टला चढा, सीएसएमटीला उतरा, आणि मग स्वतःला विचारा की हे रोज जमेल का. जमेल बहुतेक, सगळ्यांनाच जमतं. पण घर बघायच्या आधी हे बघितलेलं बरं.

नाशिकहून एक वाचक: कोपरखैरण्यात वन बीएचके ठरवतोय, भाडं २५ हजार, डिपॉझिट एक लाख. ब्रोकर म्हणतो अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट साधं नोटरी करू, रजिस्टर करायची काय गरज नाही, उगाच खर्च. शिवाय सोसायटीवाले म्हणतात भाडेकरू आहात तर दर महिन्याला जास्तीचे पैसे द्या. हे बरोबर आहे का?

नाही. आणि ब्रोकरला हे माहीत असतं, त्याला फक्त घाई असते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचं ॲग्रीमेंट लेखी हवं आणि रजिस्टर व्हायला हवं, मग ते अकरा महिन्यांचं असो की तीन वर्षांचं. 'अकरा महिन्यांना लागत नाही' ही अफवा आहे, ती इथे पिढ्यानपिढ्या चालत आलीय. रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची, नाही केलं तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी मजा पुढे आहे, रजिस्टर नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे त्यात जास्त नुकसान मालकाचंच. ब्रोकरसमोर मालकाला हे शांतपणे वाचून दाखवा, रजिस्टर करायला तोच पुढे येईल.

खर्च म्हणाल तर स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, एकूण भाड्यावर, आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते त्यात मिळवायचं. तुमच्या केसमध्ये अकरा महिन्यांचं भाडं पावणेतीन लाख, त्यात व्याजाचे नऊ-दहा हजार, सगळ्याचा पाव टक्का म्हणजे सातशेच्या आसपास. रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत एक हजार. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, तो त्याची मजुरी वेगळी घेतो. एवढ्यासाठी नोटरीचा कागद घेऊन वर्षभर जीव टांगणीला कशाला? हाच कागद पुढे गॅस, बँक, शाळेची ॲडमिशन सगळीकडे लागतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, तेही मालकाकडून त्याच आठवड्यात करून घ्या.

सोसायटीचं. त्याला नॉन-ऑक्युपन्सी चार्ज म्हणतात आणि तो मालकावर लागतो, तुमच्यावर नाही. सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तुमच्याकडून वेगळा मागत असतील तर लेखी मागा, मागताक्षणी बहुतेक ठिकाणी विषय मिटतो. सामान चढवायचे म्हणून काही सोसायट्या हजार-दोन हजार मागतात, त्यावरून मात्र पहिल्याच दिवशी सेक्रेटरीशी भांडू नका. त्याच माणसाकडे उद्या पाण्याची तक्रार घेऊन जायचंय.

आणि घर बघताना पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघा. बेडरूममधलं कपाट पुढे ओढायला सांगा, मागे पोपडे आहेत का, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा डाग आहे का. बाकी घर जुन्या रंगाचं आणि एकच भिंत कोरी करकरीत पांढरी असेल तर समजा गेल्या जुलैचा पुरावा पुसलाय. त्या भिंतीला नाक लावा, हसू देत ब्रोकरला. चावी घ्यायच्या दिवशी सगळ्या भिंतींचा आणि मीटरच्या रीडिंगचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सॲप करून ठेवा, डिपॉझिट परत घेताना उपयोगी पडतो.

नेरुळहून एक वाचक: मूळ सांगलीचा. आई-बाबांना कायमचं इकडे आणायचं म्हणतोय, बाबा ७४, आई ७०. दोघांची तब्येत तशी बरी आहे, पण तिकडे दोघंच असतात म्हणून आमचा जीव टांगलेला असतो. बाबा म्हणतात 'तुमच्या त्या खुराड्यात माझं काय काम?' मी सांगलीचं घर विकून इथे टू बीएचके घ्यायच्या विचारात आहे.

सांगलीचं घर विकू नका. निदान दोन वर्षं तरी नाही. ते घर बाबांचं आहे हे सोडा, पण परत जायला जागा आहे हे माहीत असलं की माणूस इथे जास्त दिवस राहतो, आणि जागाच नसली की पहिल्या आठवड्यापासून रुसतो.

आणायचंच तर आत्ता नको. जूनमध्ये आणलंत की चार महिने घरात कोंडून पडतील, कपडे वाळत नाहीत, आईने सांगलीहून आणलेल्या तिखटाला जाळी धरेल आणि तिचं मन तिथेच उडेल. दिवाळी झाली की आणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नवी मुंबई सुंदर असते, खाडीवर फ्लेमिंगो येतात, बाबांना सकाळी सहाला उठवून नेरुळच्याच पाणथळीवर न्या, पुढच्या आठवड्यात ते तुम्हाला उठवतील. बागा इथे खरंच चांगल्या आहेत, महापालिकेची ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रं आहेत, पेपर वाचत, कॅरम खेळत, सरकारला शिव्या देत सकाळ जाते. तुम्ही स्वतः बाबांना तिथे घेऊन जा, ओळख करून द्या आणि तिथून निघा. पहिल्या दिवशी ते म्हणतील सगळी म्हातारी माणसं आहेत.

अजून एक. इथे सांगली-साताऱ्याकडची माणसं शोधायला लागत नाहीत. मसजिद बंदरचे घाऊक बाजार वाशीला आले, त्यांच्यामागे माथाडी कामगार आले, त्यातले कितीतरी सातारा-सांगली भागातले. कोपरखैरणे, तुर्भे, घणसोलीत चक्कर टाकलीत तर बाबांना आपल्या तालुक्याचा माणूस भेटेलच, बहुतेक दूरचा पाहुणा निघेल. वाशीला भावे नाट्यगृह आहे. वाचायची आवड असेल तर नेरुळहून ठाण्याची थेट लोकल आहे, तिथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, एक दुपार सहज जाते.

आणि त्यांना नातवाच्या स्कूलबसची ड्यूटी लावू नका. आठवड्यातून दोनदा हौसेने जातील ते वेगळं, रोज गेले तर ते 'आमचं काय काम' वरून 'आम्ही काय कामवाले' वर येतील.

जाऊन-येऊन राहू द्या. बाबांना ७५ पूर्ण झाली की एसटी फुकट, तोवर अर्धं तिकीट, आईलाही अर्धंच. वाटेल तेव्हा पनवेलहून गाडीत बसतील आणि सांगलीला जाऊन तिथल्या मित्रांना सांगतील की नवी मुंबईत रस्ते किती रुंद आहेत. तुमच्यासमोर कधीच म्हणणार नाहीत.

लातूरहून एक वाचक: महापेला नोकरी लागलीय, एकटीच येणार आहे. सानपाड्याला पीजी बघून ठेवलंय. लोकलची भीती वाटते, व्हिडिओ बघून तर जास्तच.

अगं, व्हिडिओवाले सगळे दादरला आणि कल्याण-डोंबिवलीला जाऊन शूट करतात. ट्रान्स-हार्बरलाही गर्दी असते, पण तशी नाही.

सानपाडा बरंय, पण एक लक्षात घे. महापेला जायला कोपरखैरणे नाहीतर घणसोलीला उतरून शेअर रिक्षा किंवा बस. सानपाड्याहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्या फक्त वाशीहून सुटणाऱ्या मिळतात. नेरुळ-पनवेलहून ठाण्याला जाणाऱ्या गाड्या जुईनगरवरून परस्पर तुर्भ्याला जातात, सानपाड्याला येतच नाहीत. म्हणजे मोबाइलवर 'ठाणे लोकल' दिसली म्हणून पळत सुटलीस तर ती तुझी नसेलही. जमलं तर पीजी कोपरखैरण्यालाच बघ, रोजची लोकलच वाचेल, रिक्षाने ऑफिस.

तरी लोकल करावीच लागेल कधीतरी, तर लेडीज डब्यात चढ, सॅक पुढे घे. आत गेल्यावर उभी राहून बसलेल्या बाईला विचारायचं, 'कुठे?' ती म्हणणार 'तुर्भे' किंवा 'ठाणे'. तुर्भे म्हणाली की ती सीट तुझी, ती उठेपर्यंत तिच्यासमोरून हलायचं नाही, आणि दुसरीने विचारलं तर ती बाई स्वतःच सांगते, 'यांना दिलीय.' लेखी काही नाही पण हा करार कुणी मोडत नाही, कुणी मोडलाच तर अख्खा डबा तिच्यावर तुटून पडतो. महिनाभरात तुझा ग्रुप होईल, तीच गाडी, तोच डबा, भाजी निवडणाऱ्या बायका, हळदीकुंकवाचं बोलावणं. उशीर झाला तर लेडीज डब्यात रात्री पोलीस असतो. तरी पीजी घेताना स्टेशन ते गेट हा रस्ता रात्री साडेनऊला एकदा चालून बघ, दिवसा नाही. दुकानं उघडी आहेत का, दिवे आहेत का. पीजीच्या मावशी जेवण कसं देतात हे त्या सांगतील त्यावर ठेवू नकोस, तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलीला खाली चहाच्या टपरीवर गाठून विचार.

नागपूरहून एक वाचक: वर्षभर झालं बेलापूरला राहतोय. सगळं टापटीप आहे पण सेक्टर, सेक्टर आणि सेक्टर. या शहराला ना जुनं काही ना आपलं काही, असं का?

सेक्टरच्या बाहेर पडा की हो जरा! बेलापूरला राहता आणि दिवाळे कोळीवाड्यात मासे घ्यायला गेला नाहीत? (खात नसाल तर माफ.) होळीच्या रात्री तिथे जा, मग जुनं काही आहे की नाही ते बोलू.

हे शहर वसवणारी सिडको १९७० सालची, पण इथली गावं तिच्या कितीतरी आधीची. ९५ गावांची जमीन घेऊन हे शहर वसलं. मोबदल्यासाठी आगरी-कोळी शेतकरी रस्त्यावर उतरले, १९८४ च्या जानेवारीत उरणकडे गोळीबार झाला, पाच जण गेले. दि. बा. पाटलांनी तो लढा चालवला, त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली. तुमच्या बिल्डिंगच्या बोर्डवर किंवा ब्रोकरच्या तोंडी 'साडेबारा टक्क्याचा प्लॉट' हे ऐकलं असेल ते हेच. विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून एवढी माणसं का रस्त्यावर आली, तेही त्याच गोष्टीतलं. तुमच्या सेक्टरला लागून एखादं गावठाण असेलच, गावदेवीचं देऊळ असेल. जत्रा कधी असते ते तिथल्या वाण्याला विचारा आणि जत्रेला जा. वर्षभर राहून शेजारच्या गावाचं नाव माहीत नसेल तर त्याला शहर काय करणार?

बाकीचे झटपट

तळोजाला स्वस्तात फ्लॅट मिळतोय, घेऊ का, असं तिघांनी विचारलंय. मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरपासून बेलापूर ते पेंधर धावतेय, त्यामुळे पूर्वीइतकं आडबाजूला राहिलं नाही. पण दोन गोष्टी बघा. एमआयडीसी जवळ आहे, तेव्हा हिवाळ्यात रात्री दहानंतर जाऊन गॅलरीत उभं राहा आणि श्वास घ्या. आणि टँकर महिन्याला किती येतात ते बिल्डरच्या ऑफिसात विचारू नका, वॉचमनला विचारा. ऐरोली ते बेलापूर पट्ट्याला महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, तळोजाला तो भरवसा धरू नका.

एमएच-१२ ची गाडी घेऊन पुण्याहून येताय त्यांना: नंबर बदलायला लागत नाही, राज्य एकच आहे, रोड टॅक्सही पुन्हा भरावा लागत नाही. फक्त पत्ता बदलून घ्या. मुंबईत शिरताना वाशी, ऐरोली, मुलुंडच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे, अटल सेतूला मात्र आहे.

आणि औरंगाबादच्या ज्या काकूंनी विचारलंय की मुलाच्या नव्या घरी राहायला जाताना काय न्यायचं, त्यांना: पाट्याचा दगड नेऊ नका, सतराव्या मजल्यावर खालचे तक्रार करतात. डाळी, ज्वारीचं पीठ भरपूर न्या. आणि सोसायटीच्या गेटवर ॲपमधून एंट्री लागते, तेव्हा मुलाला आधी फोन करूनच रिक्षातून उतरा.